मिसेस ओर्मरॉड यांची बदनामी

मिसेस ओर्मरॉड यांच्याकडे राहून गेलेला माणूस मला लांबून ओळखू येतो. कुठल्याही दाराशी आला की तो आधी पाय पुसतो, मग घड्याळ बघतो आणि मगच आत येतो. असे कितीतरी लोक मी माझ्या दुकानात पाहिलेत. रोख पैसे मोजून मासा घेणारं गिऱ्हाईक, पण उंबऱ्यावर पाय पुसत उभं. 'अहो, या की आत,' म्हटलं तर दचकतात.

माझं फिश अँड चिप्सचं दुकान आणि बाईंचं 'सी ब्रीझ' गेस्ट हाऊस समोरासमोर आहे, मध्ये फक्त रस्ता. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या आमच्या मोरकममध्ये एके काळी असली गेस्ट हाऊस गल्लोगल्ली होती आणि प्रत्येकाची मालकीण स्वतःला राणीच्या खालोखाल समजायची. पण आमच्या बाईंची सर कुणालाच नव्हती. नाश्त्याला एक सॉसेज, एक अंडं, अर्धा टोमॅटो. दुसरं सॉसेज मागितलं तर बाई काही बोलायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या, आणि मागणारा पहिलंसुद्धा अर्धवट टाकून उठायचा. टबात पाणी घोट्याच्या वर नको. जिन्यात हसायचं नाही. आणि दहाच्या ठोक्याला सगळे बाहेर. म्हातारे, लेकुरवाळे, नवीन लग्न झालेले, सगळे. संध्याकाळी पाचपर्यंत दार उघडायचं नाही, मग बाहेर पाऊस कोसळो नाहीतर वादळ येवो.

"हवा खायला आलात ना?" बाई म्हणायच्या. "हवा बाहेर आहे."

आणि बाहेर आमच्याकडे जी काही हवा असते ती आडवी असते, पावसासकट. बिचारे लोक किनाऱ्यावरच्या बस थांब्यात एकमेकांना चिकटून बसायचे आणि समोरचा चिखल बघायचे, कारण आमचा समुद्र ओहोटीला जो जातो तो दिसेनासाच होतो. दुपारपर्यंत त्यांची बोटं गारठायची आणि पावलं माझ्या दुकानाकडे वळायची. माझं निम्मं दुकान बाईंच्या दहाच्या नियमावर चाललं, खोटं कशाला बोलू? म्हणून मी त्यांच्याबद्दल कधी वाईट बोललो नाही. चांगलं बोलायची वेळ त्यांनी येऊ दिली नाही.

कीथ हॅल्स्टेड बर्नलीहून आमच्या गावात आला तेव्हा नुकती विशी ओलांडलेला होता. किनाऱ्यावर नाणी टाकून खेळायच्या यंत्रांचं एक दुकान होतं, तिथे तो यंत्रं दुरुस्त करायचा. अंगानं काडी, आणि खोकला असा की मला रस्त्यापलीकडे ऐकू यायचा. मोसम संपला, दुकान बंद झालं, तरी हा आपला 'सी ब्रीझ'मध्येच राहिला. त्याच्याजवळ एक छोटा कॉम्प्युटर होता, तो जुन्या टीव्हीला जोडून हिवाळाभर काहीतरी खुडबुड करत बसला, आणि वसंतात त्यातून एक खेळ निघाला. मँचेस्टरच्या एका कंपनीनं तो कॅसेटवर विकायला काढला. नाव 'दहाला बाहेर'.

आजची पोरं तो बघून हसतील. कॅसेट लावली की ती कॉम्प्युटरात उतरेपर्यंत आधी बराच वेळ कान किटेपर्यंत किंचाळणं, आणि मग खेळ सुरू व्हायचा, तोही त्याच्या मनात असेल तर. पावसात हाकललेला एक पाहुणा असतो. त्यानं चोरून परत घरात शिरायचं, खोल्याखोल्यांतून लपत स्वयंपाकघर गाठायचं आणि दुसरं सॉसेज पळवायचं, बस. मध्ये मालकीण. केसांत कर्लर, पुढे एप्रन, पायांत स्लिपर. ती धावत नाही, तिच्या हातात काही हत्यार नाही, ती नुसती चालते. पण तुम्ही कुठलंही दार उघडा, मागे ती उभी. सापडलात की पडदाभर अक्षरं यायची, 'बाहेर!', आणि पाहुणा परत रस्त्यावर, पावसात भिजत.

देशभर लोक त्या खेळानं वेडे झाले. कुणाच्या तरी मावसभावाला म्हणे सॉसेज मिळालं होतं, पण तो मावसभाव कधी कुणाला भेटला नाही.

बाईंना यातलं काहीच ठाऊक नव्हतं, खेळातल्या दारावर 'सी ब्रीझ, मोरकम' अशी पाटी आहे हेसुद्धा. एके दिवशी रॉकडेलहून एक टाय लावलेला गृहस्थ आला, त्यानं बेल वाजवली आणि अदबीनं विचारलं, "माझ्यावर एकदा ओरडाल का?"

"बाहेर!" बाई गरजल्या.

त्या माणसानं टोपी काढून आभार मानले आणि आनंदानं निघून गेला. बाई चक्रावल्या. शेजारच्या गेस्ट हाऊसची मालकीण शीला बिबी, म्हणजे बाईंची एकुलती एक मैत्रीण आणि एकुलती एक शत्रू, तिनं त्यांना आपल्या पुतण्याकडे नेऊन खेळ दाखवला. आम्हाला वाटलं, आता कीथचं काही खरं नाही, बाई त्याला कोर्टात खेचणार. बाईंनी कोट न काढता, पर्स मांडीवर घेऊन, खेळ बघितला. पाहुणा सोळा ठिकाणी पकडला गेला. मग त्या उठल्या आणि एवढंच म्हणाल्या, "माझ्या स्लिपर निळ्या आहेत. यात हिरव्या दाखवल्यात."

पुढच्या आठवड्यात त्यांच्या पायांत हिरव्या स्लिपर होत्या.

त्यानंतर 'सी ब्रीझ' कधी रिकामं राहिलं नाही. गावातली बाकीची गेस्ट हाऊस एकेक करून बंद पडली, लोक विमानानं उन्हाच्या देशांत जाऊ लागले, पण बाईंकडे लांबून लांबून माणसं यायची, फक्त अपमान करून घ्यायला. एकदा एक स्वीडनचा मास्तर आला. त्या दिवशी बाईंची दाढ दुखत होती, म्हणून त्या गप्प होत्या. मास्तर माझ्याकडे येऊन हिरमुसल्या तोंडानं म्हणाला, "त्या माझ्याशी नीट वागल्या हो. माझं काही चुकलं का?"

आणि शुक्रवारी संध्याकाळी बाई कोपऱ्यावरच्या पबमध्ये आल्या की आम्ही सगळे हुर्यो करायचो. नाताळच्या नाटकात खलनायिका रंगमंचावर आली की कसं अख्खं थिएटर 'बू' करतं, तसं. बाहेरगावच्या लोकांना वाटायचं, काय रानटी माणसं आहेत, म्हातारीला छळतात. बाई मात्र मान ताठ ठेवून मधून चालत जायच्या आणि शेरीचा पेला घेऊन बसायच्या. एकदा नवीन पोऱ्यानं बारमागून "या मावशी, कशा आहात?" असं गोड विचारलं, तर बाईंनी पेला तसाच ठेवला आणि घरी निघून गेल्या. पोऱ्याला आम्ही समजावून सांगितलं.

नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गावात ज्यांना लोक ओळखतात अशा इतर बाया कुणाच्या तरी आई आहेत, कुणाच्या तरी आजी. मिसेस ओर्मरॉड या फक्त मिसेस ओर्मरॉड होत्या. ती त्यांची सगळी कमाई.

अशात त्या खेळावर सिनेमा निघतोय अशी बातमी आली.

खेळाचे हक्क कुठल्या कुठे विकले गेले होते आणि कीथच्या हाती त्यातलं फारसं काही लागलं नव्हतं. तो आता लीड्सला विमा कंपनीत होता, टक्कल पडलेलं, पोट सुटलेलं. पण दर नाताळला बाईंना कार्ड पाठवायचा आणि बाई त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून ते परत पाठवायच्या. बाईंनी माझ्या दुकानातून त्याला फोन लावला, कारण त्यांचा स्वतःचा फोन फक्त येणाऱ्या फोनसाठी होता.

"कीथ, मला दुष्टच दाखवणार आहेत ना?"

पलीकडून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं.

"स्पष्ट बोल. आणि तोंडात काही असेल तर आधी गिळ."

"हो, मिसेस ओर्मरॉड. म्हणजे... हो."

बाई फोन ठेवून माझ्याकडे वळल्या. गाल चक्क लाल झाले होते. "ऐंशीव्या वर्षी, क्लिफ," त्या म्हणाल्या, "अख्खं जग मला हुर्यो करणार." आणि जाता जाता काउंटरवर बोट फिरवून मला धूळ दाखवून गेल्या.

सिनेमा कंपनीनं जाहिरातीसाठी म्हणून तो सगळ्यांच्या आधी आमच्या गावात दाखवायचं ठरवलं. लंडनहून सास्किया नावाची एक मुलगी आली, उत्साहानं नुसती फसफसणारी. सिनेमानंतर कीथला आणि बाईंना रंगमंचावर बसवून चार प्रश्न विचारायचे, असा तिचा बेत होता. बाईंनी केस सेट करून घेतले. हिरव्या स्लिपर घालाव्यात की बूट, यावर शीलाशी दोन दिवस वाद घातला आणि शेवटी स्लिपर घालूनच, छत्री धरून, थिएटरात आल्या. थिएटर गच्च भरलं होतं. गावानं एकमतानं ठरवलं होतं की पडद्यावर मालकीण दिसली की अशी हुर्यो करायची, अशी करायची, की छताचा गिलावा खाली यावा.

सिनेमा सुरू झाला आणि समोर आला लख्ख उन्हातला निळाशार समुद्र. मागून कुणीतरी विचारलं, "आपण चुकून दुसऱ्याच सिनेमाला आलो नाही ना?" गेस्ट हाऊसचा किल्ला झाला होता, कड्यावरचा, बुरुजांसकट. आमचा काडीसारखा पाहुणा म्हणजे एक छाताड काढून चालणारा अमेरिकन गडी. सॉसेजचं तर नावच काढू नका. त्याच्या जागी होता एक झळाळणारा प्राचीन मणी, आणि त्याच्यापायी म्हणे जग बुडणार होतं. माझ्या शेजारी बसलेल्या दूधवाल्या अल्बर्टनं कपाळावर हात मारला. "मण्यासाठी कोण पावसात भिजेल रे?" तो म्हणाला.

मग मोठा दरवाजा करकरला. आम्ही सगळे सावरून बसलो. मालकीण आली.

"बूऽऽऽ!" थिएटर असं दणाणलं म्हणता! पाय आपटले, शिट्ट्या झाल्या. बाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या. पण वाद्यं मात्र रडकी वाजायला लागली. मालकीण पस्तिशीची, नाकीडोळी नीटस, केस वाऱ्यावर, पायांत उंच बूट, आणि ती चालली होती एका छोट्याशा थडग्याकडे. थडग्यावर फूल ठेवून तिनं डोळे पुसले. हुर्यो घशातच अडकली. शेवटचा 'बू' एकट्या अल्बर्टचा होता, त्याला कमी दिसतं. त्याच्या बायकोनं त्याला कोपर मारलं आणि मग दोनेकशे माणसं लाजेनं मान खाली घालून बसली. मेलेल्या पोराच्या आईला हुर्यो केल्याचं पाप आमच्या गावानं याआधी कधी केलं नव्हतं.

पुढचा पाऊण सिनेमा ती बाई रडलीच. 'बाहेर' हा शब्द तिनं एकदाच उच्चारला, तोही कुजबुजून, आणि लगेच माफी मागितली. बॉयलर फुटला, किल्ला पेटला, आणि त्या सगळ्या धुरात तिनं आजारी पडलेल्या त्या अमेरिकन पाहुण्याच्या तळहातावर घराची चावी ठेवली. म्हणाली, "बाहेर पाऊस आहे. तू आत राहा. दिवसभर राहा." आणि त्याला पोटाशी धरलं.

"चावी!" पहिल्या रांगेतून बाईंचा आवाज आला. "चावी दिली बयेनं!"

लोक हसले, पण मला मात्र घाम फुटला. का ते सांगतो. हे छापून आलं तर बाई मला सोलून काढतील, पण पेपरात त्या फक्त कोण गेलं तेवढंच वाचतात.

कीथच्या त्या हिवाळ्यात मी माझ्या काउंटरमागे उभा असायचो आणि समोर 'सी ब्रीझ'च्या वरच्या खोलीत दिवसाढवळ्या दिवा दिसायचा. टीव्हीचा निळा उजेड, आणि त्यापुढे कीथचं डोकं. दहा वाजून गेले, अकरा वाजले, बारा वाजले, पोरगा आत. फुप्फुसाला सूज आली होती त्याच्या. आणि दुपारी बाई माझ्याकडे यायच्या, ज्या जन्मात तळलेलं खात नसत त्या. "आज मला जरा भूक आहे," असं दर दिवशी म्हणायच्या आणि मासा-चिप्सचा पुडा कोटाखाली दडवून घाईघाईनं रस्ता ओलांडायच्या. मी कधी एका शब्दानं विचारलं नाही. एकाला आत ठेवलं हे कळलं असतं तर पुढच्या मोसमात सगळेच पलंगावर पाय पसरून बसले असते, आणि शीलानं तर गावभर दवंडी पिटली असती. ही गोष्ट तिघांनाच ठाऊक आहे असं मी धरून चाललो होतो. बाई, कीथ आणि मी.

आता ती पडद्यावर होती. म्हणजे त्या सबंध भिकार सिनेमात खरी असलेली एकच गोष्ट, आणि नेमकी तीच बाईंनी जिवापाड लपवलेली.

दिवे लागले. टाळ्या पडल्या त्या सास्कियाच्या मानासाठी. कीथ आणि बाई रंगमंचावर खुर्च्यांत बसले. कीथ कानापर्यंत लाल झाला होता आणि बाईंकडे बघत नव्हता. सास्कियानं विचारलं, "मिसेस ओर्मरॉड, कसं वाटलं स्वतःला पडद्यावर बघून?"

"ती मी नव्हे," बाई म्हणाल्या. "तिनं पाय पुसले नाहीत."

थिएटर हसलं. सास्कियाही हसली आणि मग आवाज हळवा करून कीथकडे वळली. "मला तर चावीच्या प्रसंगाला रडूच आलं. आणि आमचे दिग्दर्शक म्हणाले की तो खरा घडलेला आहे, तुम्हीच त्यांना सांगितलात. कीथ, सांगा ना सगळ्यांना. खरंच या बाईंनी तुम्हाला हिवाळाभर घरात ठेवून घेतलं होतं?"

बाईंनी मान वळवली नाही. पर्स त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मला त्यांची इतकी दया आली की उठून दिवे बंद करावेत असं वाटलं. कीथनं 'हो' म्हटलं की संपलं. उद्यापासून गावात सगळे त्यांना 'या मावशी' म्हणणार.

कीथनं घसा खाकरला. मग पहिल्यांदा बाईंकडे बघितलं.

"छे हो," तो म्हणाला. "लोणकढी थाप होती ती. तुमचे लोक सारखे विचारत होते, ही बाई अशी का आहे? मी म्हटलं, ती तशीच आहे. त्यांना ते पुरेना. मग दिलं काहीतरी ठोकून."

"म्हणजे तुम्हाला घरात ठेवलं नव्हतं?"

"मला? रोज दहाला बाहेर. ताप असला तरी."

सास्कियाचा चेहरा पडला. तिचा विश्वास बसेना. तिनं प्रेक्षकांकडे वळून विचारलं, "तेव्हाचं इथे कुणी आहे का? कुणाला आठवतं?"

मी कधी उभा राहिलो ते मलाच कळलं नाही. "मी समोरच असतो," मी म्हणालो. "या डोळ्यांनी बघितलंय. माझ्या दाराशी कुडकुडत उभा असायचा पोरगा. बाईंना जराही दया नाही."

"दया? हिला?" शीला बिबी माझ्या मागून उठली. "मी भिंतीला भिंत लावून राहते. एकदा तर याचे बूट हिनं वरच्या खिडकीतून खाली फेकले. माझ्या फुलझाडांत पडले. अजून ती झाडं धड नाहीत!"

मी वळून शीलाकडे बघतच राहिलो. असले कुठलेच बूट कधी पडले नव्हते, आणि तिची मागची खिडकी थेट कीथच्या खोलीत बघते हे माझ्या तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. तिच्या जिभेला हाड नाही असं मी जन्मभर समजत होतो.

मग पोस्टमन उठला, निवृत्त झालेला. त्यानं शपथेवर सांगितलं की बस थांब्यात झोपलेल्या कीथला तो रोज ओलांडून जायचा. औषधांच्या दुकानातल्या बाई उठल्या, म्हणाल्या, खोकल्याचं औषध मागायला हा फुटपाथवरूनच हात पुढे करायचा. ते औषध त्या हिवाळ्यात कोण कोटाखालून घेऊन गेलं असेल हे मला विचाराल तर मी सांगेन. आणि ज्यानं बाईंच्या दाराशी तेव्हा रोज दुधाची एक बाटली जास्त ठेवली असणार, तो अल्बर्ट माझ्या खांद्याचा आधार घेऊन कसाबसा उभा राहिला आणि सगळ्यांवर कडी करत ओरडला, "भर बर्फात! नुसत्या मोज्यांवर काढला होता पोराला! भर बर्फात!"

अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि इतकी वर्षं एकही जण बोलला नव्हता. माझे डोळे भरून आले, आणि मी असल्या गोष्टींनी रडणारा माणूस नव्हे.

बाई सावकाश उठल्या. एकेकाकडे बघितलं, शीलाकडे जरा जास्त वेळ. मग सास्कियाच्या हातातून त्यांनी माइक काढून घेतला.

"बर्फ नव्हता," त्या म्हणाल्या. आवाज जरा घोगरा झाला होता. "पाऊस होता. उगाच खोटं सांगू नका."